आधी मजुरी, मग सदका

आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारचा दस्तरख्वान उचलला की हिशेबाची वही उघडते. आम्ही म्हणजे दोघी जावा. थोरली शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. धाकटी घर पाहते आणि दोन सुयांवर असे काही विणते की बघणाऱ्याने बघतच राहावे. वही थोरली लिहिते, कारण लाल पेनाची सवय तिलाच आहे. आकडे धाकटी सांगते, कारण मोबाइल तिच्या हातात असतो. या वहीतल्या एका पानाची गोष्ट भगिनींना सांगावी असे बरेच दिवस मनात होते. त्या पानावर आम्ही चुकलो होतो, आणि चुकत असताना आम्हाला वाटत होते की आपण मोठे पुण्याचे काम करतो आहोत.

आधी धंदा कोणता ते सांगतो. आम्ही स्वेटर विकत नाही, स्वेटर कसा विणायचा ते विकतो. आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, लहानपणी पाचगणीत राहायच्या. तिथे थंडी खरी आणि लोकरही खरी. तिथल्या एका शाळेतल्या बाईंकडून त्या विणकाम शिकल्या. लग्न होऊन साताऱ्याला आल्या तेव्हा सोबत सुयांच्या चार जोड्या आणि एक वही होती. त्या वहीत सुलट टाका, उलट टाका, कुठे दोन टाके एकत्र घ्यायचे, कुठे धागा पुढे घेऊन जाळी पाडायची, सगळे उर्दूत लिहिलेले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद होती. तेव्हा आम्ही ती वही काढली आणि त्यातले बाळाचे टोपडे आणि मोजे इंग्रजीत नीट पायरी-पायरीने लिहून काढले. धाकटीच्या भावाने सांगितले की विणणाऱ्या लोकांची रॅव्हेलरी नावाची एक जागा इंटरनेटवर आहे. अमेरिकेत बोस्टनकडच्या एका जोडप्याने ती २००७ साली सुरू केली. जगभरचे लाखो लोक तिथे येतात. कोणी फुकट पॅटर्न देतो, कोणी विकतो. विकत घेणाऱ्याला पीडीएफ मिळते आणि विकणाऱ्याला पैसे. किंमत किती ठेवायची ते ज्याचे त्याने ठरवायचे.

आम्ही किंमत ठेवली एक डॉलर.

त्यामागे आमचा हिशेब साधा होता. कागद नाही, छपाई नाही, टपाल नाही. एकदा लिहिले की हजार वेळा विकता येते. मग जास्त पैसे कशाला घ्यायचे? स्वस्तात बरकत असते, असे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. शिवाय मनात एक भित्रेपणाही होता. साताऱ्याच्या एका गल्लीतल्या दोन बायकांनी लिहिलेल्या चार पानांना परदेशातली बाई पाच डॉलर का देईल? तो भित्रेपणा आम्ही ‘नेकी’ या नावाखाली झाकून ठेवला, हे आज कळते.

पहिल्या महिन्यात नऊ पॅटर्न विकले गेले. आम्ही नऊ डॉलरची वाट पाहत बसलो. खात्यात आले सहापेक्षाही कमी. पेपॅलमार्फत पैसे येत. परदेशातून आलेल्या रकमेवर त्या वेळी त्यांची कपात ४.४ टक्के आणि वर प्रत्येक व्यवहाराला ३० सेंट अशी होती. एका डॉलरवर हा हिशेब करून पाहा. ३४ सेंट तिथेच गेले, तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त. तीच वस्तू पाच डॉलरला विकली तर कपात ५२ सेंट, म्हणजे दहाव्या हिश्श्याच्या आसपास. थोरलीने हे गणित वहीत मांडले तेव्हा धाकटी म्हणाली, “म्हणजे आपण स्वस्त दिले ते गिऱ्हाइकाला नाही, मधल्या कपातीला दिले.”

त्याच सुमारास परदेशातल्या एका पॅटर्न लिहिणाऱ्या बाईंचा निरोप आला. भाषा सभ्य होती, पण बोल लागणारे होते. त्यांनी लिहिले होते की एका पॅटर्नमागे त्यांचे तीन-चार महिने जातात. निरनिराळ्या मापांचे गणित करावे लागते. पॅटर्न तपासणाऱ्या जाणकाराला तासाप्रमाणे पैसे द्यावे लागतात. फोटो काढावे लागतात आणि विकत घेणाऱ्यांच्या शंकांना वर्षानुवर्षे उत्तरे द्यावी लागतात. तुम्ही एक डॉलरला देता तेव्हा लोकांना वाटते की आम्ही लुटतो. आम्ही यावरच घरभाडे भरतो.

आम्हाला आधी राग आला. आमच्या मालाची किंमत सांगणारी ही कोण? मग विचार केला. आमच्या घरी दोन पगार येतात. पॅटर्नचे पैसे आले नाहीत तरी चूल पेटते. तिची पेटत नाही. आपल्या सोयीने ठेवलेला स्वस्त भाव दुसऱ्याच्या पोटावर येत असेल, तर त्याला औदार्य म्हणायचे का? मदीनेत एकदा महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव बांधून द्या अशी विनंती केली, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मान्य केली नाही, ही हदीस आपण अनेकींनी ऐकली असेल. भाव बाजारात ठरतो, आणि तो ठरताना कोणावर जुलूम होऊ नये ही काळजी दोन्ही बाजूंनी घ्यायची असते. विकणाराही माणूसच असतो, हे आम्ही विसरलो होतो.

आम्ही टोपडे-मोजे चार डॉलरला केले आणि बाळाच्या जाकिटाचा नवा पॅटर्न पाच डॉलरला लावला. विक्री काही बंद पडली नाही.

या बाजारात राहिल्यावर काही मोहही कळले. एकाने सुचवले की किंमत नऊ डॉलर लिहा, ती खोडा आणि खाली पाच लिहा. खोडलेला आकडा दिसला की लोक पटकन घेतात. आम्ही तीन दिवस तसे केले. चौथ्या दिवशी अम्मींनी विचारले, “नऊला कधी विकला होता का?” नव्हता. बाजारात स्वतःला घ्यायचे नसताना दुसऱ्याला फसवण्यासाठी बोली चढवायची, याला आपल्याकडे मनाई आहे. कधीच न घेतलेली किंमत खोडून दाखवणे हे त्याच्याच शेजारचे घर. खोडलेला आकडा आम्ही काढून टाकला.

दुसरी गोष्ट चुकांची. जाकिटाच्या सहा महिन्यांच्या मापात बाहीचे टाके आम्ही ४४ ऐवजी ४८ लिहिले होते. तोवर १८ जणींनी पॅटर्न घेतला होता. एकीनेही तक्रार केली नव्हती. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलेही नसते. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर दाखवणाऱ्या प्रेषितांची (स.) गोष्ट थोरली दरवर्षी मुलांना सांगते. ती सांगणाऱ्या बाईच्या ढिगात ओले धान्य कसे चालेल? आम्ही दुरुस्त केलेली प्रत सगळ्यांना पाठवली. रॅव्हेलरीवर ती सोय आहे, एका बटणावर सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना नवी प्रत जाते. सोबत माफीच्या चार ओळी लिहिल्या. एवढे सगळे झाल्यावर आम्हाला वाटू लागले की आपला व्यवहार आता अगदी धुतल्या तांदळासारखा झाला.

मग २०२१ चा जुलै आला.

बकरी ईद २१ जुलैला झाली. दुसऱ्या दिवशी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले. आमची मामेसासू चिपळूणची. त्यांचे तळमजल्याचे घर पाण्याखाली गेले. माणसे वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली म्हणून वाचली. इकडे आमच्याच जिल्ह्यात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मीरगावावर डोंगर कोसळला. दोन दिवस फोन लागेना. ईदचे गोश्त घरात होते आणि कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आपण काय करू शकतो, असा विचार करताना आम्हाला रॅव्हेलरी आठवली. तिथे असे पूर्वी घडलेले आहे. २०१० च्या जानेवारीत हैती देशात भूकंप झाला तेव्हा कितीतरी जणांनी आपल्या पॅटर्नच्या विक्रीतला वाटा मदतीला दिला होता. आम्ही ठरवले आणि जाकिटाच्या पॅटर्नखाली इंग्रजीत लिहिले: ऑगस्ट महिन्यात या पॅटर्नचे सगळे पैसे आमच्या भागातल्या पूरग्रस्तांना जातील.

ते ‘सगळे’ लिहिताना आम्ही क्षणभरही विचार केला नाही.

महिन्यात ६१ प्रती गेल्या. आमच्यासाठी हा विक्रम होता. ६१ गुणिले पाच, म्हणजे ३०५ डॉलर. तेव्हाच्या ७४ च्या भावाने २२,५७० रुपये. खात्यात आले १८,८४०. मधल्या कपाती आणि रुपयात बदलतानाचा फरक मिळून ३,७३० रुपये वाटेत गेले. आता ‘सगळे’ म्हणजे किती? आम्हाला मिळाले ते सगळे, की घेणाऱ्यांनी दिले ते सगळे?

धाकटी म्हणाली, “आपल्या हातात आलेच नाहीत ते आपण कुठून द्यायचे?” थोरली म्हणाली, “ज्या बाईने घेतले तिला कपात ठाऊक नाही. तिने पाच डॉलर दिले आणि तिच्या मनात पाच डॉलर पुराला गेले.” शेवटी मशिदीतल्या मौलानांना विचारले. त्यांनी उलट विचारले, “तुम्ही लिहिताना शब्द कोणता वापरला?” आम्ही सांगितले. ते म्हणाले, “मग तो पैसा तुमच्याजवळ अमानत आहे. आणि एक लक्षात ठेवा, हा तुमचा सदका नाही, त्या लोकांचा आहे. तुम्ही फक्त पोचवणारे.”

हे दुसरे वाक्य आम्हाला जास्त लागले. कारण महिनाभर आम्ही नातेवाइकांत सांगत होतो की आम्ही पूरग्रस्तांना बावीस हजार देतो आहोत. मौलानांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. लोकांच्या या पैशात आपली जकात मोजायची नाही. आपली जकात वेगळी. वर्षभर आपल्याजवळ निसाबाइतकी शिल्लक असेल तर, देणी वजा करून, तिच्यावर अडीच टक्के. आपल्या जाकिटाच्या पॅटर्नसारखी वस्तू गोदामात पडून राहत नाही, पण तिच्यातून आलेला आणि साठलेला पैसा हिशेबात येतोच.

आमच्या ओळखीच्या एका हिशेबनिसांनीही कान टोचले. परदेशातल्या लोकांकडून देणगी म्हणून पैसे घ्यायला आपल्या देशात कायद्याने नोंदणी लागते. वस्तू विकून आलेला पैसा ही विक्री, ते तुमचे उत्पन्न. ते आधी उत्पन्न म्हणून दाखवा, मग त्यातून जे द्यायचे ते द्या. पण ‘आम्हाला दान पाठवा’ असे कधी लिहू नका. चांगल्या कामालाही रीत असते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

३,७३० रुपये आम्ही घरातून घातले. कुंभार्ली घाटातून वाहतूक सुरू झाल्यावर चिपळूणला जाऊन तीन घरांना शेगड्या, भांडी, अंथरुणे दिली आणि मुलांची वह्या-पुस्तके घेतली. पावत्यांचे फोटो, घेणाऱ्यांचे चेहरे न दाखवता, पॅटर्न घेणाऱ्यांना पाठवले. परत आलो तेव्हा मन हलके झाले होते. वहीच्या त्या पानावर थोरलीने हिरव्या शाईने ‘अलहमदुलिल्लाह’ लिहिले.

आठ दिवसांनी खाला आल्या.

खाला म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाई. सख्ख्या नात्यातल्या नाहीत, पण गल्ली त्यांना खालाच म्हणते. नवरा जाऊन बारा वर्षे झाली. मुलगा पुण्यात कामाला, तो जमेल तसे पाठवतो. नवा पॅटर्न तयार झाला की तो कोणीतरी कागदावर लिहिल्याप्रमाणे विणून पाहावा लागतो. त्याशिवाय फोटो निघत नाही आणि चुका कळत नाहीत. आमची जाकिटे खाला विणत. इंग्रजी त्यांना येत नाही. आम्ही उर्दूत लिहून द्यायचो. एका जाकिटाचे २०० रुपये, असे कधीतरी ठरलेले. खरे म्हणजे ठरलेले नव्हतेच. आम्ही दिले आणि त्यांनी घेतले.

त्या दिवशी खाला दारातच उभ्या राहिल्या. हातात विजेचे बिल होते. म्हणाल्या, “बेटी, ईदच्या आधी तीन जाकिटे दिली होती ना, त्याचे सहाशे आता मिळतील का? नाही तर राहू दे, पुढच्या महिन्यात दे. लाइटवाला दोनदा येऊन गेला म्हणून विचारले.”

ईद म्हणजे बकरी ईद नव्हे, रमजान ईद. मे महिन्यातली. चार महिने होत आले होते. त्या तीन जाकिटांतले पांढरे-हिरवे जाकीट आमच्या पॅटर्नच्या पहिल्या पानावर होते. ६१ जणींनी ते बघून पैसे दिले होते.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही. पाहवले नाही. धाकटीने आत जाऊन पैसे आणले. खाला ते न मोजता ओच्यात ठेवून गेल्या. ज्या बाईचे सहाशे रुपये आम्ही चार महिने दाबून ठेवले होते, तिच्याच विणकामाच्या फोटोवर आम्ही बावीस हजारांचे पुण्य वाटून आलो होतो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस आमच्या घरात माहीत नाही असे कोणीही नाही. ती आमच्या मनात कधी आली नाही, कारण खालांना आम्ही मजूर समजतच नव्हतो. त्या ‘आपल्यातल्या’ होत्या. आपल्यातल्या माणसाचे पैसे थांबले तरी चालतात, असे आपण सगळेच समजतो.

रात्री वही काढली. खालांना एका जाकिटाला किती वेळ लागतो ते आम्ही कधी विचारलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले. “असर ते मगरिब बसले तर दहा-अकरा दिवस,” त्या म्हणाल्या. रोजचे दोन तास धरले तरी वीस-बावीस तास. दोनशे भागिले बावीस, तासाला नऊ रुपये. शेतावर निंदायला जाणारी बाई यापेक्षा कितीतरी जास्त घेते. आणि आणखी एक गोष्ट त्या बोलण्यात निघाली. जाकिटाच्या गळ्याभोवती जी पानापानांची वीण आहे, जिच्यामुळे परदेशातल्या बायकांना तो पॅटर्न आवडतो, ती अम्मींच्या वहीतली नव्हती. ती खालांनी त्यांच्या मनाने घातली होती. “कोरे कोरे दिसत होते म्हणून घातली,” त्या म्हणाल्या. आम्ही ती टाके मोजून लिहून काढली होती आणि आमच्या नावाने विकत होतो.

आम्ही पैसे घेऊन त्यांच्या घरी गेलो. मागच्या सगळ्या जाकिटांचा नव्या दराने फरक काढला होता, तासाला साठ रुपये धरून. शिवाय जाकिटाच्या पॅटर्नच्या आजवरच्या निव्वळ मिळकतीचा पाचवा हिस्सा. पाकीट पुढे केले तसे खालांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, “पुराचे वाटप संपले नाही का अजून? आमच्या घरात पाणी शिरले नाही बेटी.”

त्या हसत म्हणाल्या होत्या, पण डोळे हसत नव्हते. थोरलीने वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. किती जाकिटे, किती तास, किती दर, किती दिले, किती राहिले. खालांना उर्दू वाचता येते. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग म्हणाल्या, “खैरात असेल तर नको. हक्क असेल तर मोजून दे.”

आम्ही मोजून दिले. त्यांनीही या वेळी मोजून घेतले. एका ठिकाणी आमचा हिशेब चुकला होता, एक जाकीट आम्ही जास्त धरले होते. ते पैसे त्यांनी परत दिले.

त्यानंतर वहीत क्रम बदलला. आधी खालांची मजुरी, काम हातात आले त्याच दिवशी. मग लोकर आणि पॅटर्न तपासणाऱ्या बाईंचे पैसे. मग खालांचा हिस्सा. मग घर. वर्षाअखेरीला जकात. आणि मग सदका, तोही आपल्या वाट्यातून. असा सगळा खर्च मांडल्यावर जाकिटाची किंमत पाच डॉलरमध्ये बसेना. आम्ही ती सहा केली. सुरुवातीला विक्री थोडी कमी झाली, हे लपवत नाही. पण आता कोणी विचारले की सहा का, तर आमच्याकडे उत्तर आहे. पॅटर्नवर वीण कोणाची तेही लिहायचे होते. खालांनी नाव घालू दिले नाही. “गल्लीचे नाव घाल,” म्हणाल्या. ते घातले.

किंमत वाढवताना एक काळजी होती. सहा डॉलर म्हणजे पाचशेच्या आसपास रुपये. आपल्याकडची बाई एका पॅटर्नला पाचशे कुठून देईल? तसेही १ एप्रिल २०२१ पासून पेपॅलवरून भारतातल्या भारतात पैसे देता येत नाहीत. म्हणून आपल्या भगिनींसाठी आम्ही वेगळी वाट ठेवली. मराठीत किंवा उर्दूत लिहिलेला पॅटर्न व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि किंमत शंभर रुपये. जिला तेही जड आहे तिने जमेल तेवढे द्यावे किंवा काहीच देऊ नये. कारण विचारत नाही. परदेशातही कितीतरी जण असे करतात. एकाच पॅटर्नला दोन-तीन किमती ठेवतात आणि घेणाऱ्याला ऐपतीप्रमाणे निवडू देतात. मात्र या सवलतीचा भार आम्ही दोघी उचलतो. खालांचा हिस्सा पूर्ण किमतीवरच निघतो. आपली उदारता दुसऱ्याच्या ताटातून वाढायची नाही, एवढे तरी शिकलो.

फुकट देण्याबद्दलही आमचे मत आता बदलले आहे. कॅनडातल्या टोरांटोहून २००२ पासून निटी नावाचे एक विणकामाचे ऑनलाइन मासिक निघते. त्यातले सगळे पॅटर्न वाचकांना फुकट असतात, पण पॅटर्न लिहिणाऱ्यांना मासिक पैसे देते. त्यातले काही जाहिरातींतून येतात. म्हणजे वाचणाऱ्याला फुकट असले तरी कोणीतरी मजुरी चुकती केलेली असते. त्याच गावच्या लेखिका स्टेफनी पर्ल-मॅक्फी यांनी २००४ मध्ये विणकरांना डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला मदत करायचे आवाहन केले. त्यांनी स्वतःच्या हातात पैसा घेतला नाही. लोकांनी थेट संस्थेला द्यायचा आणि किती दिला ते फक्त कळवायचे. काही वर्षांत ती बेरीज दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. हे वाचल्यावर आम्हाला आमचे ३,७३० रुपये आठवले. पैसा आपल्या हातून गेलाच नाही, तर कपात कसली आणि अमानतीची चिंता कसली? आता पुढे कधी अशी वेळ आली, तर आम्ही सांगतो की तुमच्या विश्वासाच्या संस्थेला थेट द्या, पावती दाखवा आणि पॅटर्न आमच्याकडून फुकट घ्या.

आणि एक पॅटर्न असा आहे की ज्याला किंमत लावायचा विचारही मनात येऊ नये. स्तनाच्या कर्करोगाने ज्यांचा स्तन काढावा लागतो अशा बायकांसाठी मऊ सुती धाग्याचे, आत हलका भराव घातलेले कृत्रिम स्तन विणतात. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट या बाईंना स्वतःला या आजारातून जाताना त्याची गरज कळली आणि २०११ पासून त्यांनी ‘निटेड नॉकर्स’ हे काम उभे केले. पॅटर्न सगळ्यांना फुकट. विणणाऱ्या बायका स्वेच्छेने विणतात आणि ज्यांना हवे त्यांना विनामूल्य पोचते. भारतातही हे काम चालते, मुंबईतून. दुकानातली सिलिकॉनची वस्तू कितीतरी महाग, जड आणि उकाड्यात नकोशी होते. ही हलकी असते, धुता येते.

आम्ही हा पॅटर्न उर्दूत उतरवला आणि खालांकडे घेऊन गेलो. विषय कसा काढावा हे आम्हाला कळेना. खालांनी नमुना हातात घेतला, उलटसुलट केला आणि कोणासाठी ते समजून घेतले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांच्या नणंदेबद्दल सांगितले. ती याच आजाराने गेली. शेवटची दोन वर्षे ती ओढणी छातीवर घट्ट धरूनच घराबाहेर पडायची. आम्ही एवढी वर्षे शेजारी राहतो, आम्हाला हे माहीत नव्हते.

रीतीप्रमाणे आम्ही मजुरीचे बोललो. तासाला साठ, किती नग होतील ते. खालांनी सुया खाली ठेवल्या.

“याचे मी घेणार नाही,” त्या म्हणाल्या. “हा माझा सदका. तुम्ही तुमचा वेगळा द्या.”

आम्ही ‘हो’ म्हणालो. त्या दिवशी आमच्या वहीत पहिल्यांदा खालांचे नाव घेणाऱ्यांच्या रकान्यात नव्हते. थोरलीने दुसरा रकाना आखला आणि त्यात लिहिले: खाला, चार जोड्या. किमतीच्या जागी रेघ ओढली. धाकटी म्हणाली, “मागच्या वर्षी मागितले असते तरी त्यांनी असेच विणून दिले असते. फुकटच.” खरे आहे, दिले असते. पण तेव्हा ते आम्ही त्यांच्याकडून काढून घेतले असते. आता त्या देत होत्या.

भगिनींनो, आपल्यापैकी अनेकींच्या घरी आता असे छोटे उद्योग सुरू झाले आहेत. कोणी मसाले करते, कोणी बुरखे शिवते, कोणी केक करते. फलकावर ‘एवढे टक्के गरिबांना’ असे लिहायचा मोह होतो आणि नियत चांगलीच असते. लिहिण्याआधी एकदा घरातली वही उघडा. मसाला कांडणाऱ्या बाईचे, बटणे लावणाऱ्या मुलीचे काही राहिले आहे का ते पाहा. राहिले असेल तर आधी ते मोजून द्या, आणि त्यांच्यासमोर मोजा. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या रिज़्कात बरकत देवो आणि आपल्या वहीतल्या चुका आपल्याला वेळेवर दाखवो. आमीन.